भार रेझरचा, हात आपला

सेफ्टी रेझरने दाढी करायला शिकायचे तर आधी एक सवय सोडावी लागते, दाबण्याची. आज विशीत असलेल्या मुलाच्या हातात पहिल्यांदा येतो तो प्लॅस्टिकच्या दांड्याचा, दोन-तीन पात्यांचा, डोके हलणारा रेझर. तो गालावर दाबला तरी निभावून नेतो, कारण कोन सांभाळायचे काम त्याच्या हलत्या डोक्याने अंगावर घेतलेले असते. धातूच्या, एका पात्याच्या सेफ्टी रेझरला ही सोय नाही. तिथे कोन आपण धरायचा आणि वजन त्याचे त्याला वापरू द्यायचे. ही गोष्ट पुढच्या प्रत्येक प्रकरणात पुन्हा येईल. ती मुद्दामच आणली आहे. नवशिक्याचे गाल सोलले जातात, गळ्यावर लाल पुरळ उठते, रक्ताचे ठिपके येतात, त्यातले बहुतेक दोष शेवटी हाताच्या जोराशी येऊन थांबतात.

ही पुस्तिका मलाजखंडात बसून लिहिली आहे, आणि इथलीच मुले डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. बालाघाट जिल्ह्याच्या बैहर भागात, कान्हाच्या जंगलापासून फार दूर नसलेले हे गाव 1982 पासून हिंदुस्थान कॉपरच्या खाणीमुळे देशाला माहीत झाले. इथल्या तांब्याचे खनिज क्वार्ट्झच्या दगडात बसलेले आहे. तो दगड फोडताना, भरताना, दळताना जी धूळ उडते ती फुप्फुसात जाऊन बसली की निघत नाही. अशा धुळीत काम करणाऱ्याला तोंडावर घट्ट बसणारा मुखवटा लागतो आणि दाढीचे खुंट वाढलेले असले तर त्याची कड त्वचेला नीट टेकत नाही. राहिलेल्या फटीतून श्वासाबरोबर धूळ आत जाते. म्हणून खाणकामगाराची रोजची दाढी ही नीटनेटके दिसण्यापुरती बाब नाही. रोज दाढी करायची तर ती कातडीला न दुखवणारी हवी, आणि खिशाला परवडणारीही.

आपल्याकडे दाढी ही कित्येक पिढ्या स्वतः करायची गोष्टच नव्हती. गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. काखेत धोपटी मारून तो यायचा, ओसरीवर बैठक मारून घरातल्या पुरुषांची हजामत उरकायचा आणि सुगीला त्याचे बलुते धान्यात घ्यायचा. धोपटीत वस्तरा, कात्री, नऱ्हाणी, पाण्याची वाटी, आरसा, निसणा आणि वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा. उघड्या वस्तऱ्याला धार लावणे आणि ती राखणे हीच मोठी विद्या होती, आणि ती बापाकडून मुलाकडे जायची. गिऱ्हाईक डोळे मिटून मान मागे टाकायचे. हातातल्या कसबावर एवढा विश्वास दुसऱ्या कुठल्या बलुतेदारावर टाकलेला दिसत नाही.

या वस्तऱ्याला आपल्या समाजात आणखी एक इतिहास आहे आणि तो प्रस्तावनेत टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. विधवांचे केशवपन याच वस्तऱ्याने होत असे. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असे त्यांनी ठरवले. ज्यांच्या हातून ती प्रथा चालत होती त्यांनीच हात आखडता घेतला, ही महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासातली फार मोलाची घटना आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत साताऱ्याच्या बालपणाबद्दल लिहून ठेवले आहे की गावात न्हावी होते, त्यांना द्यायला घरात पैसेही होते, पण अस्पृश्य मुलाच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हते. म्हणून त्यांचे केस थोरली बहीण कापायची, आणि ती त्या कामात चांगली तरबेज झाली होती. तिकडे दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात, गोऱ्या न्हाव्याने नकार दिल्यावर गांधीजींनी केस कापायचे मशीन विकत घेतले आणि आरशासमोर उभे राहून स्वतःच आपले केस कापले. दाढी ते आधीपासूनच हाताने करत असत.

सेफ्टी रेझरकडे मी याच पार्श्वभूमीवर पाहतो. ज्याला गावचा न्हावी शिवत नव्हता त्यालाही पेठेत जाऊन एक रेझर आणि पात्यांचे पाकीट आणता येऊ लागले. वस्तरा परजायची विद्या ज्याच्या घरात नव्हती त्यालाही रोज सकाळी स्वच्छ चेहऱ्याने बाहेर पडता येऊ लागले. एका साध्या अवजाराने इतक्या माणसांना इतके शांतपणे मोकळे केले, याबद्दल पुरेसे कुणी बोलत नाही.

हे अवजार आजच्या रूपात अमेरिकेत घडले. पात्याला आड घालून वस्तरा सुरक्षित करायचे प्रयोग युरोपात अठराव्या शतकापासून चालू होते, पण धार लावायची कटकट सुटली नव्हती. किंग कॅम्प जिलेट हा फिरता विक्रेता. पात्याला धार लावायचीच नाही, बोथट झाले की फेकून नवे घालायचे, असे त्याच्या मनात आले. कागदासारखे पातळ पोलाद कडक करून त्याला धार आणणे त्या काळच्या जाणत्यांना अशक्य वाटत होते. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते करून दाखवले. कंपनी निघाली 1901 मध्ये. 1903 या विक्रीच्या पहिल्या वर्षात 51 रेझर आणि 168 पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा 90 हजारांच्या वर गेला आणि त्याच वर्षी, 1904 च्या नोव्हेंबरात, पेटंटही मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैनिकांना सरकारने रेझर दिले आणि घरी परतलेल्या त्या तरुणांनी ही सवय घरोघरी नेली. पुढे 1962 च्या सुमारास विल्किन्सन स्वोर्डने न गंजणाऱ्या पोलादाचे पाते बाजारात आणले आणि एका पात्यावर होणाऱ्या दाढ्या वाढल्या. 1971 मध्ये जिलेटनेच दोन पात्यांचे काडतूस आणले, आणि तेव्हापासून साधा सेफ्टी रेझर हळूहळू कपाटाच्या मागच्या बाजूला गेला.

आपल्याकडे मात्र तो कधीच पूर्ण गेला नाही, आणि त्याला कारण पाते आहे. साधारण 43 मिलिमीटर लांब, 22 मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या एक दशांश जाडीचे हे दुधारी पाते कुठल्याही कंपनीच्या रेझरमध्ये बसते. पेटंटची मुदत 1921 मध्ये संपली आणि हा आकार सगळ्यांचा झाला. कोलकात्याच्या हरबन्सलाल मल्होत्रा अँड सन्सचे टोपाझ, ठाण्याचे सुपरमॅक्स, जिलेटचे सेव्हन ओ’क्लॉक ही नावे आपल्या किराणा दुकानांच्या काचेमागे वर्षानुवर्षे लटकलेली आहेत. ज्या घरात कुणी सेफ्टी रेझर वापरत नव्हते तिथेही पाते असायचेच. पेन्सिलीला टोक काढायला, शिवण उसवायला, नखे कापायला.

सलूनमध्येही हेच पाते असते. खुर्चीत बसल्यावर नीट बघा. कारागीर पाकिटातून नवे पाते काढतो, कागदात असतानाच ते लांबीत वाकवून कट्‌कन दोन तुकडे करतो आणि अर्धे पाते वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतो. अर्धे पुढच्या गिऱ्हाइकाला. ही पद्धत चांगली आहे, कारण दुसऱ्याच्या रक्ताला लागलेल्या पात्यातून कावीळ ब आणि क यांसारखे आजार पसरू शकतात. पाते आपल्यासमोर बदलले जाते की नाही हे पाहण्यात संकोच करू नये. घरातही एकच नियम: रेझर भावाभावांत, बापलेकांत वाटून घ्यायचा नाही.

आता रेझरकडे. आजोबांच्या डब्यात एखादा जुना असेल तर तो बहुधा पितळेचा, वर निकेलचा मुलामा दिलेला. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आज स्वस्तात मिळणारे बहुतेक रेझर जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असतात. मुलामा उडाला की त्यांच्या आट्या गंजतात आणि एखाद्या दिवशी दांडा डोक्यापासून तुटून हातात येतो. जुना पितळी मिळाला तर तो सोडू नका. गरम पाण्यात साबण घालून जुन्या दातांच्या ब्रशने घासला की बहुतेक वेळा पुन्हा कामाला लागतो. तीन भागांचा साधा रेझर, म्हणजे वरची टोपी, मधली कड असलेली पट्टी आणि दांडा, नवशिक्याला सर्वांत बरा. दांडा पिळला की वरची दोन दारे उघडणारा प्रकार दिसायला छान असतो, पण त्याच्या फटी साफ करत बसावे लागते.

रेझरपेक्षा जास्त पाने मी पाण्याला आणि फेसाला दिली आहेत. पुष्कळांना ते उलटे वाटेल. पण कोरडा केस चिवट असतो. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेइतका, असे या धंद्यातले लोक पूर्वीपासून सांगत आले आहेत. पाणी मुरल्यावर तो फुगतो आणि कापायला पुष्कळ कमी जोर लागतो. 2020 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले. केस पोलादाच्या पन्नासपट मऊ, तरीही धारेचे बारीक टवके उडत होते. केस पात्याशी सरळ उभा न राहता वाकला, आणि पोलादाच्या आतली रचना त्या जागी थोडी असमान असली, की टवका उडायचा. आपल्यापुरता त्याचा अर्थ असा घ्यावा की केस भिजलेला आणि फेसाने उभा धरलेला असावा.

फेस कसा असावा हे मलाजखंडच्या माणसाला समजावणे सोपे आहे. इथल्या दगडात तांबे एक टक्क्याच्या आसपास असते. दगड दळून त्याचा पातळ राडा करतात, फेस आणणारे द्रव्य घालतात आणि खालून हवा सोडतात. तांब्याचे कण बुडबुड्यांना धरून वर येतात आणि दगडाची माती खाली राहते. वरचा फेस काढून घेतला की त्यातले तांबे वीस टक्क्यांच्या वर गेलेले असते. टाकीवर उभा असलेला जाणता माणूस फेसाकडे बघूनच काम कसे चालले आहे ते सांगतो. बुडबुडे फार मोठे आणि पोकळ झाले तर ते वाटेतच फुटतात आणि धरलेले कण सोडून देतात. दाढीच्या फेसाचेही असेच आहे. मोठे बुडबुडे दिसले तर त्यात हवाच जास्त आहे, केसाजवळ पाणी टिकणार नाही. फेस बारीक, दाट आणि चकाकणारा हवा. ब्रश उचलल्यावर त्याचे टोक वाकावे, पण तुटून पडू नये.

तो असा करायचा. ब्रश कोमट पाण्यात भिजवून हलकेच झटकायचा. साबणाच्या वडीवर अर्धा मिनिट गोल गोल फिरवायचा, घाई न करता. मग वाटीत किंवा थेट गालावर तो फिरवत राहायचा आणि थेंब थेंब पाणी वाढवायचे. नवशिका नेहमी पाणी कमी घालतो. फेस घट्ट, मंद, चिकट वाटला तर आणखी दोन-चार थेंब. बोअरच्या जड पाण्याला फेस धरत नाही, साबणाचा चोथा होतो. तेव्हा दाढीपुरते पेलाभर पिण्याचे पाणी घ्यावे. क्रीमने चालेल, वडीने चालेल. डब्याचे बटण दाबून निघणाऱ्या आयत्या फेसात हवाच जास्त असते. या रेझरबरोबर मी त्याची शिफारस करत नाही.

त्याआधी एक काम करून ठेवायचे. दोन दिवसांचे खुंट वाढू द्यावेत आणि बोटांनी चाचपून पाहावे. ज्या दिशेला बोट गुळगुळीत सरकते ती सुलट, ज्या दिशेला अडते ती उलट. गालांवर केस बहुधा वरून खाली येतात. गळ्यावर मात्र अनेकांचे खालून वर किंवा आडवे जातात, आणि दोन्ही बाजूंना सारखेही नसतात. कागदावर चेहऱ्याचे चित्र काढून बाण काढा आणि आरशाजवळ चिकटवा. गळ्याचा त्रास घेऊन येणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच करायला सांगतो, आणि पुष्कळांचा त्रास तिथेच मिटतो.

आणि आता कोन. रेझरची टोपी गालावर टेकवा, दांडा गालाला काटकोनात, जमिनीला आडवा. या स्थितीत पाते कातडीला लागतच नाही. आता खाली सरकवत सरकवत दांडा हळूहळू खाली आणा. एका क्षणी पाते केस धरते आणि बारीक, करकर असा आवाज येतो. तोच कोन, साधारण तीस अंशांचा. दांडा टोकाशी, दोन-तीन बोटांत सैल धरा. मूठ आवळली की जोर आलाच. झटके लहान, बोटाच्या दोन पेरांएवढे. दुसऱ्या हाताने कातडी किंचित ताणून धरा आणि दर दोन झटक्यांनी रेझर पाण्यात बुडवा. कल्ल्यांपासून सुरुवात करून गाल, मग गळा, आणि हनुवटी व वरचा ओठ शेवटी. तिथले केस राठ असतात, त्यांना फेसाखाली जास्त वेळ मिळू द्या. जिथला फेस निघून गेला तिथे पाते पुन्हा फिरवू नका. खुंट राहिले असतील तर राहू द्या.

पहिला महिना फक्त सुलट, एकच हात. गाल आरशासारखा झाला नाही म्हणून खट्टू होऊ नका. दर हाताला पुन्हा फेस लावून, आधी सुलट, पुढे आडवा आणि मग जमले तर उलट, असा क्रम आहे. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी उलट हात कधीच मारला नाही तरी बिघडत नाही. त्यांचे केस कातडीखाली कापले जाऊन आतल्या आत वळतात आणि फोड येतात. चेहऱ्यावर पिकलेल्या पुटकुळ्या असतील, मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवे पाते लावू नका.

श्रावण पाळणाऱ्यांसाठी दोन ओळी. आपल्या बाजूला पोळा झाला की महिन्याची दाढी उतरवायची घाई होते. त्या दाढीला थेट रेझर लावला तर केस त्याच्या डोक्यात अडकतात आणि ओढ बसते. आधी कात्रीने बारीक कापून घ्या, मग भिजवा.

दाढी झाल्यावर गार पाणी आणि ओली तुरटी. तुरटी आपल्या घरात पूर्वीपासून आहे, तिच्या जागी महाग बाटली आणायची गरज नाही. ती लावल्यावर जिथे झोंबते तिथे आज जोर जास्त लागला असे समजावे. उद्या त्या जागी हात हलका ठेवा. तुरटीइतका स्पष्ट बोलणारा शिक्षक या कामात दुसरा नाही. मिनिटभर ठेवून धुऊन टाका.

सामान बदलत राहण्याचा मोह होईल. कुणी सांगेल अमुक पाते लाव, तमुक साबण आण. रेझर, पाते आणि साबण तिन्ही एकदम बदलले तर कशामुळे काय झाले हे कधीच कळत नाही. महिनाभर एकच जोडी ठेवा. एका पात्यावर चार-पाच दाढ्या धराव्यात. ओढ लागायला लागली की त्याच दिवशी ते काढा, काटकसरीसाठी गाल खरवडू नका. नवे पाते काही मोजक्या रुपयांत येते. पात्याची धार टॉवेलने पुसायची नाही, पाण्याखाली धरून झटकले की पुरे.

न्हाव्याकडे जाणे सोडा असे ही पुस्तिका सांगत नाही. उघड्या वस्तऱ्याने गळ्याचा वळसा घेणाऱ्या हाताला अनेक वर्षांचा सराव असतो. एखाद्या रविवारी खुर्चीत बसून तो हात कातडी कशी ताणतो आणि मनगट कुठे वळवतो हे बघावे. पुस्तकातून न कळणारे पुष्कळ तिथे कळते.

शेवटचे मागणे पात्याबद्दल आहे. वापरलेले पाते कचऱ्याच्या पिशवीत नुसते टाकू नका. तो कचरा पुढे कुणीतरी हाताने निवडणार असतो, आणि मिलिमीटरच्या दशांशाएवढे ते पाते त्यांच्या बोटांत शिरते. पत्र्याचा झाकणाचा एखादा डबा घ्या, झाकणाला बारीक चीर पाडा आणि प्रत्येक पाते त्यातून आत सोडा. डबा भरायला काही वर्षे लागतील. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करा, वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ लिहा आणि कचरा नेणाऱ्या माणसाच्या हातात सांगून द्या. पहिले पाते रेझरमध्ये बसवण्याआधी हा डबा तयार ठेवा, आणि मगच पहिल्या प्रकरणाकडे वळा.